अक्षर आले, अर्थाचे काय?

धर्मशिक्षणाचा विषय निघाला की पुरोगामी म्हणविणारे एक तर नाक मुरडतात, नाही तर गप्प बसतात. तेथे प्रत्यक्ष शिकवितात कसे, हे पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. या दृष्टीने इंडोनेशियाचे उदाहरण मननीय आहे.

तेथील मुले पिढ्यान्‌पिढ्या ‘बगदादी’ पद्धतीने कुराणवाचन शिकत. आधी अक्षराचे नाव, मग स्वरचिन्हाचे नाव, शेवटी दोहोंचा उच्चार, अशी ही घोकंपट्टी. त्यात अरबी ही मुलांची भाषा नव्हे! वर्षानुवर्षे घोकूनही अनेकांना सलग वाचता येत नसे. सेमारांगच्या दहलान सालिम झरकशी यांच्या ‘किराअती’ पद्धतीने चिन्हांची ही घोकणी टाकली. तिच्यापासून धडा घेऊन योग्यकर्ता येथील असद हुमाम या व्यापाऱ्याने ‘इक्रो’च्या सहा पुस्तिका रचल्या. मूल पहिल्याच पानावर ‘अ’, ‘ब’ असे थेट वाचते. प्रत्येकाने आपल्या गतीने पुढे जावे, शिक्षकाने एकेकाचे वाचन ऐकावे, पुढे गेलेल्याने मागच्याला हात द्यावा, ही तिची रीत. १९८८ साली मशिदींतील तरुण कार्यकर्त्यांनी बालवर्ग काढले आणि थोड्याच वर्षांत ही पद्धत देशभर, मलेशियापर्यंतही पोहोचली.

‘किराअती’त प्रमाणपत्र मिळविल्यावाचून शिकविता येत नसे. अशुद्ध उच्चाराने अर्थ बिघडतो, ही त्यामागील चिंता खोटी नव्हती. परंतु ‘इक्रो’ने शिकविण्याचा अधिकार सामान्य तरुणाच्या हाती दिला. आमच्या मते तिचे खरे लोकशाही मोल येथेच आहे.

तथापि काम अर्धेच झाले. या पुस्तिका उच्चार शिकवितात, अर्थ नव्हे. इंडोनेशियाच्या धर्मखात्याने १९६५ पासून कुराणाचा अनुवाद प्रसिद्ध केला. पण अनुवाद कपाटात आणि पाठ ओठांवर राहिला, तर उपयोग काय? ज्याला अर्थ कळत नाही, त्याच्या वतीने अर्थ दुसराच कोणी सांगतो, आणि तोच त्याचा धनी होतो. हा दोष एका धर्माचा नव्हे. अर्थ न समजता मंत्र म्हणणारा आपला बटू याहून वेगळा कोठे आहे?

‘इक्रो’ म्हणजे ‘वाच’. परंपरेनुसार कुराणाचा आरंभ याच आज्ञेने झाला. आमच्या कार्यकर्त्यांनी मोहल्ल्यातील मकतबाकडे संशयाने पाहणे सोडावे, तेथील शिक्षकांशी बोलावे आणि मुलांच्या हाती अक्षराबरोबर त्यांच्या भाषेतला अर्थही पडावा, असा आग्रह धरावा. मात्र हा आग्रह धरण्यापूर्वी स्वतःच्या घरातील पोथी उघडावी. तरच त्या आग्रहाला नैतिक बळ येईल.