तोनेचा मागचा डेक

जपानी युद्धनौकेचं मॉडेल म्हटलं की लोक आधी 'यामातो'चं नाव घेतात. मला 'तोने' आवडते. नागासाकीच्या मित्सुबिशी गोदीत बांधलेली ही क्रूझर नोव्हेंबर १९३८ मध्ये नौदलात दाखल झाली आणि तिची ठेवण बहुतेक क्रूझरपेक्षा वेगळी आहे. चारही तोफघरं, म्हणजे आठ मोठ्या तोफा, सगळ्या पुढच्या निम्म्या भागात दाटीने बसवलेल्या. मागचा डेक मोकळा. तो ठेवला होता पाण्यावर उतरणाऱ्या टेहळणीच्या विमानांसाठी. तोफांच्या धडाक्याने विमानांच्या नाजूक पंखांना इजा होऊ नये, हा त्यामागचा विचार.

मॉडेल करणाऱ्याच्या दृष्टीने खरी मजा याच मागच्या डेकवर आहे. जपानी क्रूझरवर लाकडी फळ्यांऐवजी लिनोलियम अंथरलेलं असे, तांबूस तपकिरी रंगाचं. त्याचे पट्टे डेकच्या आडव्या बाजूने टाकायचे आणि जोडावर पितळी पट्ट्या ठोकायच्या, अशी पद्धत होती. १:३५० प्रमाणाच्या किटमध्ये या पितळी पट्ट्या केसासारख्या बारीक उंचवट्यांच्या रूपात येतात. आधी सगळा डेक तपकिरी रंगवायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग प्रत्येक उंचवट्याच्या फक्त माथ्यावरून पितळी रंग फिरवायचा. ब्रश जवळजवळ कोरडा हवा आणि हात टेबलावर टेकलेला हवा. डेकवरून विमानांच्या ट्रॉल्यांचे रूळ जातात, मध्ये गोल फिरत्या तबकड्या, दोन्ही कडांना विमानं उडवणारे कॅटापुल्ट. ते पातळ पितळी पत्र्यातून कापून, चिमट्याने दुमडून उभे करावे लागतात. मुंबईत हे काम पावसाळ्यात काढू नये. दमट हवेत लॅकर रंग पांढुरका पडतो.

राखाडी रंगाचाही घोळ आहे. कुरे, सासेबो, मायझुरू आणि योकोसुका या चार नौदल गोद्यांमध्ये प्रत्येकीची आपापली राखाडी छटा होती. कुठल्या वर्षीची तोने करायची, हे ठरल्याशिवाय बाटली उघडता येत नाही.

अशी किट बनवणाऱ्या कंपन्यांचं गाव शिझुओका. तामिया, हासेगावा, आओशिमा, फुजिमी या सगळ्या त्याच भागातल्या. १९७१ मध्ये या चौघांनी जपानी नौदलाची जहाजं आपसात वाटून घेतली आणि १:७०० प्रमाणात पाण्याच्या रेषेपर्यंतची मॉडेल्स काढायला सुरुवात केली. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्यांनी हे केलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

रंगासाठी वर्ष ठरवायचं म्हणजे जहाजाचा इतिहास वाचणं आलं. तोनेचा इतिहास गच्च भरलेला आहे. पर्ल हार्बरच्या हल्ल्यात ती होती. एप्रिल १९४२ मध्ये कोलंबो आणि त्रिंकोमालीवर बॉम्ब टाकणाऱ्या अ‍ॅडमिरल नागुमोच्या ताफ्यातही होती. त्यानंतर दोनच महिन्यांनी मिडवेच्या लढाईत तिचं एक टेहळणी विमान सुमारे अर्धा तास उशिरा उडालं. त्या अर्ध्या तासावर इतिहासकार अजून वाद घालतात. मॉडेल करणारेही बहुधा १९४२ चीच तोने करतात.

माझं म्हणणं १९४४ बद्दल आहे. त्या वर्षी मार्चमध्ये तोने हिंदी महासागरात व्यापारी जहाजांवर छापे घालायला निघाली. ९ मार्चला तिने 'बिहार' हे ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवलं. ते ऑस्ट्रेलियाहून मुंबईच्या वाटेवर होतं. त्यावरच्या खलाशांत हिंदी माणसंही होती. शंभरेक माणसं पाण्यातून काढून तोनेवर घेतली गेली. बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, त्यांतली काही उतरवली. उरलेली साठाहून अधिक माणसं पुन्हा समुद्रात नेली आणि १८ मार्चच्या रात्री जहाजावरच मारली. तोनेचा कप्तान मायुझुमी याने त्यांना किनाऱ्यावर उतरवण्याची परवानगी मागितली होती. त्याचा वरिष्ठ अ‍ॅडमिरल साकोंजू याने ती नाकारली आणि मायुझुमीने शेवटी हुकूम पाळला.

१:३५० प्रमाणात पुरी तोने साडेसत्तावन्न सेंटिमीटरच्या आसपास भरते. तिच्यावर उभा माणूस जेमतेम पाच मिलिमीटरचा. खलाशांच्या अशा इवल्या आकृत्या वेगळ्या विकत मिळतात आणि मीही त्या डेकवर चिकटवतो, कारण त्यांच्याशिवाय जहाजाच्या आकाराचा अंदाज येत नाही. 'बिहार'बद्दल वाचल्यापासून मी त्या आकृत्यांकडे नुसतं प्रमाण दाखवायची सोय म्हणून पाहू शकत नाही. मुंबईला पोचायला निघालेली माणसं याच जहाजावर संपली.

मग हे मॉडेल करूच नये का? काही मित्रांचं तसं मत आहे आणि त्यामागची भावना मला कळते. तरी मला ते पटत नाही. महिनोन् महिने एकाच जहाजावर हात फिरवणारा माणूस त्या जहाजाबद्दल जितकं वाचतो, तितकं एरवी कोण वाचतं? तोनेवरच्या पितळी पट्ट्या कशा ठोकल्या होत्या हे मी शोधत बसलो नसतो, तर 'बिहार'चं नावही माझ्या कानावर आलं नसतं. पण इतका अभ्यास करून प्रदर्शनाच्या पाटीवर आपण जहाजाचं नाव, प्रमाण आणि साल एवढंच लिहितो, हे मला चुकीचं वाटतं. रेलिंगच्या दांड्या मोजून लावणाऱ्याने तिथे नेमकेपणा सोडू नये.

तोने २४ जुलै १९४५ रोजी एताजिमाजवळच्या उथळ पाण्यात अमेरिकन विमानांच्या हल्ल्यात तळाला बसली आणि युद्धानंतर भंगारात गेली. 'बिहार'वरच्या माणसांच्या हत्येबद्दल हाँगकाँगच्या ब्रिटिश लष्करी न्यायालयात १९४७ मध्ये खटला चालला. साकोंजूला पुढच्या वर्षी फाशी झाली, मायुझुमीला सात वर्षांची कैद.

आपल्याकडे युद्धनौकांची मॉडेल्स करणारे थोडे असले तरी जीव ओतून करणारे आहेत. त्यांना एवढीच विनंती. तुम्ही तोने केलीत तर रंग, रूळ, विमानं सगळं मनासारखं करा आणि पाटीवर एक ओळ जास्त लिहा: ९ मार्च १९४४, मालवाहू जहाज 'बिहार', मुंबईच्या वाटेवर.