गर्भवती रांगेबाहेर, बाळ धोक्यात

कोरोनाचा विषाणू आईकडून पोटातल्या बाळापर्यंत क्वचितच पोहोचतो. बाळाला खरा फटका बसतो तो आईच्या आजारपणाचा. ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली भारतासह 18 देशांत झालेला अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात बाधित मातांमध्ये अकाली प्रसूती, गर्भारपणातील रक्तदाबाचे विकार आणि मृत्यू यांचे प्रमाण जास्त आढळले. वेळेआधी जन्मलेल्या बाळाची फुफ्फुसे कच्ची असतात, वजन कमी भरते. स्तनपानाने मात्र धोका वाढल्याचे दिसले नाही. म्हणजे आईला वाचवणे हाच बाळाला वाचवण्याचा मार्ग होता.

मग शासनाने काय केले? 16 जानेवारी 2021 रोजी देशात लसीकरण सुरू झाले. गर्भवतींना परवानगी मिळाली ती 2 जुलैला. मधल्या काळात दुसरी लाट येऊन गेली! सुरुवातीच्या चाचण्यांत गर्भवती नव्हत्या, म्हणून पुरावा नाही, असे कारण दिले गेले. पण त्यांना चाचण्यांतून वगळले कोणी? आधी वगळायचे आणि मग पुरावा नाही म्हणून हक्क नाकारायचा, हा न्याय आपल्या समाजाच्या चांगलाच ओळखीचा आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 47 नुसार सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य आहे; अनुच्छेद 42 प्रसूती साहाय्याची तरतूद करायला सांगतो. ऊसतोड मजूर बाईचे बाळ आठव्या महिन्यात जन्मले, तर खासगी दवाखान्यातील काचेच्या पेटीचे बिल ती कोठून भरणार? पुढची साथ येण्यापूर्वी चाचण्यांत गर्भवतींना सुरक्षितपणे स्थान द्या आणि तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नवजात कक्ष उभारा. आम्ही दया मागत नाही, घटनेने सांगितलेले कर्तव्य मागतो.