छर्रा कागदावरच शोभतो

येरमाळ्याच्या येडेश्वरीची चैत्री यात्रा असो की तुळजापूरचं नवरात्र, फुग्यांच्या फळीसमोर आपण सगळेच कधी ना कधी उभे राहिलोय. हातात छर्‍याची बंदूक, मागे मित्रांचा गलका. नेम चुकला की आपण म्हणतो, ‘नळीच वाकडी आहे!’ कधीकधी ते खरंही असतं. पण चांगली स्प्रिंगची एअर रायफल हातात आली की ही सबब संपते. मग चुकतो तो आपला हात.

ही बंदूक चालते कशी, बघा. नळी खाली वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे धावतो, हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. बारूद नाही, सिलिंडर नाही. पण छर्रा नळीबाहेर पडायच्या आतच दट्ट्याच्या धक्क्यानं बंदूक हलते. घट्ट आवळून धरली तर दर वेळी वेगळी हलते. हलक्या हातानं, दर वेळी अगदी तशीच धरली तर सारखीच हलते आणि छर्रे एकाच जागी लागतात. इथं जोर कामाला येत नाही, सवय येते.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न ‘स्पीड किती?’ हा नको. चाप दर वेळी सारखा सुटतो का, दहा मीटरवरून पाच छर्रे एका नाण्याखाली झाकता येतात का, हे बघा. आणि छर्रा न भरता उगाच चाप ओढू नका; दट्ट्या आपटून आतलं काम बिघडतं.

आता थोडं कडू. ४.५ मिलिमीटरपर्यंतची नळी आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असेल, तर शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवाना लागत नाही. परवाना नाही म्हणजे खेळणं, असा आपला समज होतो. माझाही झाला होता. बारावीच्या सुट्टीत मामाच्या शेतात मी झाडावरचा एक होला पाडला. भावंडांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा तेवढे गप्प होते. मग म्हणाले, “आम्ही माळ्यावर उभं राहून ज्वारी राखली. गोफण फिरवायची ती पाखरू उठवायला, मारायला नाही.” तो होला अजून डोळ्यांपुढून जात नाही.

होला, पोपट, मोर या सगळ्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. येडशीच्या रामलिंग अभयारण्यातच नव्हे, तुमच्या बांधावरच्या बाभळीवरही. आणि छर्रा माणसाच्या डोळ्यात गेला, तर डोळा परत येत नाही. म्हणून रिकामी असली तरी बंदूक कुणावर रोखायची नाही, निशाण्यामागे छर्रा अडवणारी वाळूची पेटी हवी, डोळ्यांना चष्मा हवा. छर्रे शिशाचे असतात. नंतर हात धुवायचे.

मग मजा कुठंय? दहा मीटरवरच्या कागदात! ऑलिम्पिकच्या एअर रायफल निशाण्यावर दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो. त्याच प्रकारात अभिनव बिंद्रानं २००८ मध्ये बीजिंगला सुवर्ण मिळवलं आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला विश्वविजेता झाला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे २०२४ मध्ये पॅरिसहून ५० मीटर रायफलचं कांस्यपदक घेऊन आला. म्हणजे गाव लहान असणं ही काही अडचण नाही. आता स्पर्धेतल्या रायफली दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवर चालतात, महागही असतात. पण श्वास, नजर आणि चाप यांचा पहिला धडा साध्या स्प्रिंगच्या रायफलीवरही गिरवता येतो.

या खेळाला मैदान लागत नाही. दहा मीटरची बंदिस्त जागा, मागे भक्कम भिंत आणि शिकवणारं, लक्ष ठेवणारं एक जाणतं माणूस पुरतं. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या क्रीडा संकुलात अशी एक खोली का असू नये? ती मागूया. ग्रामसभेत, कॉलेजात, लोकप्रतिनिधींकडे. मुलांना कागद मिळाला नाही, तर ती झाडाकडेच बघणार.

आणि दोस्ता, बंदूक घेणारच असशील, तर छर्‍याच्या डबीबरोबर कागदी निशाण्यांचा गठ्ठाही घे. छर्रे संपायच्या आधी तो संपला पाहिजे.