आधी अकरावीची गुणपत्रिका मागा

‘टक्के कमी आहेत, पण अमेरिकेतल्या एखाद्या चांगल्या सरकारी विद्यापीठात काही जमेल का?’ या प्रश्नाला आपल्या समुपदेशनाच्या व्यवसायात सध्या दोनच उत्तरे मिळतात आणि दोन्ही मुलाचे नुकसान करतात. पहिले उत्तर असे, की पंच्याण्णवच्या खाली असाल तर नाद सोडा. दुसरे असे, की काळजी नको, निबंध आम्ही असा करून देऊ की गुणांकडे कोणाचे लक्षच जाणार नाही. पहिले उत्तर देणाऱ्याने विद्यापीठाचे नियम वाचलेले नसतात. दुसरे देणाऱ्याने बहुधा वाचलेले असतात, तरीही तो तसे सांगतो. म्हणून दुसरा प्रकार मला अधिक गंभीर वाटतो.

अमेरिकेतली सगळी सरकारी विद्यापीठे एका लेखात बसणार नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे यूसीचे, उदाहरण घेतो. बर्कली आणि यूसीएलए ही नावे आपल्याकडे सर्वाधिक विचारली जातात, आणि हे विद्यापीठ आपले प्रवेशाचे निकष उघडपणे छापते. पदवीचे शिक्षण देणारी त्याची नऊ संकुले आहेत. अर्ज एकच असतो, पण प्रत्येक संकुल आपला निर्णय स्वतंत्रपणे घेते.

आधी कटू भाग. यूसीएलएला अलीकडे पहिल्या वर्षासाठी दरवर्षी एक लाख चाळीस हजारांहून अधिक अर्ज येतात आणि शंभरांतल्या जेमतेम नऊ-दहा जणांना जागा मिळते. निवडलेल्यांपैकी बहुतेकांचा जीपीए, म्हणजे चारच्या मापावरची गुणसरासरी, चारच्या अगदी जवळ असतो. कॅलिफोर्नियातल्या विद्यार्थ्याला अर्जासाठी किमान ३.०, तर राज्याबाहेरच्याला ३.४ लागतो. या किमान आकड्यावर बर्कली मिळते असे कोणाला सांगू नये. गुण कमी असले तर सॅटने भरून काढू, ही वाटही बंद आहे. २०२० साली विद्यापीठाच्या नियामक मंडळाने, म्हणजे रीजंट्सनी, प्रवेश परीक्षांची सक्ती उठवली आणि २०२१ पासून सॅट-एसीटीचे गुण निवडीत पाहिलेच जात नाहीत. तरी यूसीसाठी म्हणून सॅटच्या शिकवणीचे पैसे घेणारे आपल्या शहरांत आहेत. हे थांबले पाहिजे.

मग कमी गुणांच्या मुलाला जागा कुठे आहे? २००१ साली यूसीने सर्वंकष परीक्षणाची पद्धत स्वीकारली. आज तिच्यात तेरा निकष आहेत आणि जीपीए त्यांतला एक आहे. बाकीचे निकष आपण समुपदेशकांनी एकदा नीट बसून वाचावेत. शाळेत जे विषय आणि ज्या संधी उपलब्ध होत्या, त्यांच्या मानाने मुलाने काय केले, हा एक निकष आहे. गुणांत अलीकडे ठळक सुधारणा झाली आहे का, हा एक. एखाद्या विषयात असाधारण काम, शेवटच्या वर्षी निवडलेल्या विषयांची पातळी, आणि घरची परिस्थिती, आजारपण, कमाईसाठी करावे लागलेले काम यांच्या प्रकाशात मिळवलेले यश, हेही आहेत. म्हणजे अर्ज वाचणारा माणूस एका सरासरीपाशी थांबत नाही. हे गुण कुठल्या वर्षीचे, कुठल्या विषयातले आणि कुठल्या परिस्थितीतले, हे तो पाहतो. आपणही गुणपत्रिका तशीच वाचायला हवी.

इथे महाराष्ट्रातल्या मुलाची खरी अडचण सुरू होते, आणि तिची चर्चा आपल्या परिषदांत होत नाही. यूसीचा अर्ज बारावीच्या वर्षात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरायचा असतो. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि निकाल मे महिन्यात. म्हणजे अर्ज वाचला जातो तेव्हा बारावीचे गुण अस्तित्वातच नसतात. त्या मुलाचे सर्वांत ताजे पूर्ण वर्ष असते अकरावीचे, आणि अकरावी हे आपण सगळ्यांनी मिळून पोकळ करून टाकलेले वर्ष आहे. जेईई-सीईटीच्या इंटिग्रेटेड वर्गात बसलेला मुलगा ज्युनिअर कॉलेजात परीक्षेपुरता जातो. ‘अकरावी कोण विचारतो?’ हे वाक्य त्याला घरात, वर्गात आणि कधी आपल्या खोलीतही ऐकायला मिळते. दहावीला नव्वद असलेला मुलगा अकरावीत अडुसष्टवर येतो आणि बारावीच्या ऐन अभ्यासात त्याला अमेरिकेची आठवण होते. जिथे सुधारणा दिसायला हवी, तिथे कागदावर घसरण दिसते. उलट दहावीत बहात्तर आणि अकरावीत चौऱ्याऐंशी मिळवलेली मुलगी आपल्याकडे ‘साधारण’ म्हणून बाजूला पडते, आणि ठळक सुधारणेचा निकष नेमका तिच्यासाठी असतो. म्हणून पहिल्या भेटीत टक्के विचारण्याआधी नववीपासूनच्या सगळ्या गुणपत्रिका मागवाव्यात, आणि अकरावीची आधी.

त्या वाचताना दोन सवयी सोडाव्या लागतील. दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ने निघते, शिवाय तीत कला-क्रीडेचे वाढीव गुण मिसळलेले असतात. विद्यापीठ विषयवार गुण विचारते, त्यामुळे वगळलेला सहावा विषयही समोर येतो. दुसरी सवय टक्क्यांना पंचवीसने भागून जीपीए काढण्याची. या हिशेबाने ऐंशी टक्क्यांचे ३.२ होतात आणि मूल अर्जाआधीच बाद ठरते. भारतात प्रथम श्रेणी साठपासून सुरू होते, याचा मागमूसही त्या भागाकारात उरत नाही. परदेशी शाळेतल्या विद्यार्थ्याने गुण जसे मिळाले तसेच लिहावेत, स्वतः रूपांतर करू नये, अशी यूसीची स्पष्ट सूचना आहे.

निबंधांबद्दल थोडक्यात. आठ प्रश्नांपैकी चार निवडायचे आणि प्रत्येकाला ३५० शब्दांच्या आत उत्तर द्यायचे. ही ललित लेखनाची परीक्षा नाही. समोर बसलेल्या माणसाने विचारले तर जसे सांगाल तसे लिहा, अशी तिथली अपेक्षा असते. एका प्रश्नात सर्वांत मोठी अडचण आणि तिचा अभ्यासावर झालेला परिणाम विचारलेला आहे. गुण कमी असण्याला खरे कारण असेल तर ते इथे यावे. वडिलांचे आजारपण, दुकानात बसावे लागलेले सहा महिने, मराठी माध्यमातून अकरावीत एकदम इंग्रजीत आल्यावर गेलेले पहिले सत्र, हे सगळे तारखांसह सांगता येते. कारण नसेल तर ते तयार करू नये. विद्यापीठ काही अर्ज पडताळणीसाठी निवडते आणि लिहिलेल्या गोष्टींचे पुरावे मागते. खोटे आढळले तर मिळालेला प्रवेशही रद्द होतो. त्यावेळी उत्तर द्यायला मूल एकटे असते, उत्तरे लिहून देणारा समुपदेशक नसतो.

आता दुसऱ्या दाराकडे येतो. त्याविषयी आपल्याकडे सर्वांत जास्त अज्ञान आहे आणि माझ्या मते सर्वांत जास्त आशाही तिथेच आहे. १९६० साली, क्लार्क केर यूसीचे अध्यक्ष असताना, कॅलिफोर्नियाने उच्च शिक्षणाचा बृहत् आराखडा मंजूर केला. शालान्त विद्यार्थ्यांतला वरचा एक अष्टमांश यूसीत, वरचा एक तृतीयांश राज्य विद्यापीठांत आणि कम्युनिटी कॉलेजांचे दार सर्वांना खुले, अशी ती रचना होती. पण सतराव्या-अठराव्या वर्षी माणसाची कायमची प्रतवारी करायची नाही, हेही त्या आराखड्यातच होते. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे नीट शिकलेल्याला यूसीच्या तिसऱ्या वर्षात जागा मिळावी म्हणून वरच्या वर्गांत मुद्दाम जास्त जागा ठेवायच्या ठरल्या. आजही बदलीच्या प्रवेशात राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना अग्रक्रम आहे. बर्कली आणि यूसीएलएत बदलीने मागणाऱ्यांपैकी साधारण चौघांत एकाला प्रवेश मिळतो, आणि तिथे निर्णय मुख्यतः कॉलेजातल्या कामावर होतो. दहावी-अकरावीत काय झाले ते मागे पडते.

बदलीच्या या वाटेला मागचे दार म्हणणे चूक आहे. साठ सेमिस्टर युनिट पूर्ण करावी लागतात आणि हव्या त्या विषयाची पूर्वतयारी करून घ्यावी लागते. कुठल्या कॉलेजातला कुठला अभ्यासक्रम कुठल्या संकुलात धरला जातो, हे ‘असिस्ट’ या संकेतस्थळावर ओळीओळीने पाहता येते. नियमातला किमान जीपीए २.४ आणि राज्याबाहेरच्यांना २.८ असला, तरी यूसीएलएत निवडले जाणारे बहुतेक जण ३.७ च्या पुढे असतात. म्हणजे शाळेतले कमी गुण विसरले जातात, अभ्यास मात्र टळत नाही. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ ही सहा संकुले ठरलेल्या अटी पाळल्यास प्रवेशाची लेखी हमी देतात. या हमीसाठीचा अर्ज आदल्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आणि एकाच संकुलासाठी करता येतो. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो या योजनेत नाहीत. संगणकशास्त्र, अभियांत्रिकी असे मागणीचे विषयही अनेक ठिकाणी हमीबाहेर असतात. क्युपर्टिनोचे डी अँझा, प्लेझंट हिलचे डायब्लो व्हॅली आणि सांता मोनिका कॉलेज या वाटेसाठी ओळखली जातात. त्या भागांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतूनही कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमीपणा, असा सूर मी ऐकला आहे. तो सूर मुलांच्या मनावर घाव करतो आणि त्याला आधार काहीही नाही.

इथेच एक सापळा आहे. ‘वर्ष वाया जायला नको’ म्हणून बारावीनंतर मुलाला भारतातच बीएस्सीला किंवा अभियांत्रिकीला घातले, की यूसीच्या दृष्टीने तो पहिल्या वर्षाचा उमेदवार राहत नाही. तो बदलीचा उमेदवार होतो. एका वर्षात साठ युनिट होत नाहीत आणि परदेशातल्या विद्यापीठातून थेट येणाऱ्याचा क्रम कॅलिफोर्नियाच्या विद्यार्थ्यांनंतर लागतो. त्या वर्षात एटीकेटी लागली असेल तर तीही दाखवावीच लागते. कॉलेजातले प्रत्येक वर्ष, सोडलेलेसुद्धा, कळवणे बंधनकारक आहे. ही गोष्ट जुलैमध्ये, इथला प्रवेश घेण्याआधी सांगायची असते. नोव्हेंबरमध्ये सांगून उपयोग नाही.

पैशांचे बोलणे पालकांशी पहिल्याच बैठकीत झाले पाहिजे, मुलाच्या मनात एखादे संकुल भरण्याआधी. राज्याबाहेरच्या विद्यार्थ्याला यूसीत नेहमीच्या शुल्कावर वर्षाला तीस हजार डॉलरहून अधिक जादा शुल्क पडते आणि गरजेवर आधारित सरकारी मदत परदेशी विद्यार्थ्याला मिळत नाही. कम्युनिटी कॉलेजात निवासी विद्यार्थी युनिटमागे ४६ डॉलर भरतो, परदेशी विद्यार्थ्याला त्याच्या कित्येक पट भरावे लागतात. तरीही पहिली दोन वर्षे यूसीपेक्षा बरीच स्वस्त पडतात. दोन वर्षे तिथे शिकून मूल कॅलिफोर्नियाचे रहिवासी होईल आणि शुल्क उतरेल, असे काही एजंट सांगतात. विद्यार्थी व्हिसावर तसे होत नाही. शिवाय राज्याबाहेरच्यांच्या जागांवर मर्यादा आहे. २०१७ च्या धोरणाने ती बहुतेक संकुलांत अठरा टक्के ठरली आणि ज्या मोठ्या संकुलांत प्रमाण त्याहून जास्त होते, तिथेही ते खाली आणण्याचे राज्याने ठरवले आहे. शेतजमीन किंवा राहते घर तारण ठेवून निघालेल्या कुटुंबाला चारही वर्षांचा खर्च, रुपयाची घसरण धरून, लेखी द्यावा. आणि बदलीची वाट धरणाऱ्या मुलाची एक तयारी आपणच करून घ्यायची आहे. कम्युनिटी कॉलेजच का निवडले, याचे उत्तर व्हिसाच्या खिडकीपाशी त्याला स्वतःच्या शब्दांत, विषयाच्या आणि युनिटांच्या हिशेबासह देता आले पाहिजे.