परिविक्षा अधिकारी : "निदान हे तरी मिळू दे" म्हणणाऱ्यांसाठी

स्पष्ट लिहिते आहे. अभ्यासिकेतल्या काही भावांना राग येईल, येऊ द्या.

परवा वडीगोद्रीला ओळखीचा एक पोरगा भेटला. तलाठी झालं, वनरक्षक झालं, जिल्हा परिषद झाली, कुठंच नंबर लागला नाही. मला म्हणाला, "ताई, ते परिविक्षा अधिकारीचं परत निघालं की सांग. निदान हे तरी मिळू दे." मी विचारलं, काम काय असतं माहितीये का? तर म्हणे, "महिला बालकल्याणचं ऑफिसच ना? टेन्शन नसतं लय." सोबतच्यानं मध्येच विचारलं, "बँकेतलं पीओ का?"

बँकेतलं नाही बाबा. तिथं परिविक्षाधीन म्हणजे नोकरीत नवीन लागलेला, अजून पक्का न झालेला माणूस. हा परिविक्षा अधिकारी वेगळा. एखादं अल्पवयीन लेकरू चोरीत, मारामारीत पोलिसांनी धरलं, तर कायद्यानं आईबापाबरोबर यालाही कळवावं लागतं. मग यानं त्या लेकराच्या घरी जायचं, शाळेत जायचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांशी बोलायचं आणि १५ दिवसांच्या आत बाल न्याय मंडळापुढं अहवाल ठेवायचा. घरात कोण कमावतं, पोरगं शाळेतून कधी गळालं, कुणाच्या नादी लागलं, घरी परत पाठवलं तर सांभाळायला कोण आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात हे स्वच्छ लिहिलेलं आहे. मोठ्यांसाठी १९५८ चा अपराधी परिवीक्षा अधिनियम आहे. त्यात तर असं आहे की एकवीस वर्षांच्या आतला कुणी दोषी ठरला आणि गुन्हा जन्मठेपेएवढा मोठा नसेल, तर न्यायालयानं त्याला शक्यतो तुरुंगात पाठवायचं नाही. पाठवायचंच असेल तर कारणं लिहायची, आणि त्याआधी परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा.

म्हणजे पोरगं आत जाणार का घरी, हे ठरवताना न्यायाधीशांच्या टेबलावर पोलिसांच्या कागदाशिवाय जो दुसरा कागद असतो, तो हा माणूस लिहितो. टेन्शन नसतं म्हणे.

मी हे पुस्तकातून सांगत नाही. एमएसडब्ल्यू झाल्यावर दुसऱ्या एका जिल्ह्यात मी क्षेत्र कार्यकर्ती म्हणून कंत्राटी काम केलं. तिथं एक प्रकरण आलं, पंधरा वर्षांचा मुलगा, विहिरीवरची मोटार चोरल्याचा आरोप. आधी कुणीतरी टेबलावर बसूनच अहवालाचा मसुदा करून ठेवलेला. "पालकांचे मुलावर नियंत्रण नाही. पालक चौकशीस उपलब्ध झाले नाहीत." दोन वाक्यं, खेळ खलास. मी वस्तीवर गेले. घराला कुलूप. पालक उपलब्ध नव्हते कारण ते ऊसतोडीला गेले होते, मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर गाडी भरून नेलेलं. पोरगं दहावीसाठी मागं राहिलेलं, म्हाताऱ्या आजीजवळ. आजीला धड दिसत नव्हतं. ज्याच्यासोबत ते मोटारीपाशी गेलं तो चांगला तिशीतला गडी, त्याचं नाव कागदावर कुठंच नाही. बापाशी मी रात्री नऊ वाजता फोनवर बोलले, तो फडातून कोपीवर आल्यावर. तो नुसता एवढंच विचारत होता, "म्याडम, उचल फिटल्याबिगर मुकादम सोडंना. मी आलोच न्हाई तर पोराला आत टाकत्याल का?"

या प्रश्नाचं उत्तर कुठल्या बुद्धिमापनाच्या पुस्तकात आहे, दाखवा मला.

आपल्या अंकुशनगरकरांना तरी हे वेगळं सांगायला नको. कारखान्याचा पट्टा पडला की कोप्या कशा उभ्या राहतात, त्यात लेकरं किती असतात, आपण लहानपणापासून बघतोय. आपल्या कारखान्यावर बाहेरून टोळ्या येतात आणि आपल्या भागातली माणसं दुसरीकडं तोडायला जातात. १५ दिवसांची मुदत लिहिणाऱ्यानं सहा महिने बंद असलेलं घर डोळ्यापुढं धरलं नव्हतं. म्हणून इथं या पदावर असा माणूस पाहिजे ज्याला कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी हे कळतं, ज्याला पारधी वस्तीवर गेल्यावर "हे असेच असतात" असं न वाटता चहा प्यावा वाटतो.

आता भरती बघा. महिला व बाल विकास आयुक्तालयानं २०२४ ला जाहिरात काढली, एकूण २३६ पदं, त्यात परिविक्षा अधिकारी ७२. जिल्हे ३६. फी खुल्याला हजार, राखीवला नऊशे. मीही भरली होती आणि माझा नंबर लागला नाही, हे आधीच सांगते, म्हणजे कोल्ह्याला द्राक्षं आंबट म्हणायचं असेल त्यांनी आत्ताच म्हणून घ्या. माझी तक्रार मार्कांची नाही. तक्रार ही आहे की संगणकापुढं बसून पर्याय निवडायच्या परीक्षेत, माणूस परक्या घरात जाऊन रडणाऱ्या बाईसमोर बसू शकतो का, हे कळायची सोयच नाही. समास चांगला सोडवतो, रेल्वेचं गणित सोडवतो, झाला परिविक्षा अधिकारी.

मुलाखत परत आणा असं मी म्हणत नाही हं. मुलाखत आली की रेट येतो, हे आपल्या सगळ्यांना माहिती आहे. पण निवड झाल्यावर तीन-चार महिने निरीक्षणगृहात, मंडळासमोर, वस्त्यांवर अनुभवी माणसाच्या हाताखाली काम केल्याशिवाय स्वतंत्र अहवालावर सही करू द्यायची नाही, एवढं तर करता येतं? पोलिसाला मैदानावर घाम गाळल्याशिवाय ड्यूटी देत नाहीत. इथं मात्र ऑर्डर हातात, खुर्ची खाली, आणि पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी लेकराचं आयुष्य समोर.

आणि जे काम शिकलेले आहेत त्यांचं काय चाललंय तेही ऐका. मिशन वात्सल्यमध्ये जिल्हा बाल संरक्षण कक्षात एक "विधी तथा परिविक्षा अधिकारी" असतो. एक. आपल्या जिल्ह्याचे आठ तालुके, जाफ्राबादपासून घनसावंगीपर्यंत. मानधन २७,८०४ रुपये, नोकरी कंत्राटी. माझ्यासारख्या क्षेत्र कार्यकर्तीला १०,५९२. त्यात गाडीचं पेट्रोल आपलं. मी होते तिथं तीन-तीन महिने मानधन यायचं नाही आणि वर्षाला पुनर्नियुक्तीची फाईल फिरायची. वरून बाल संगोपन योजनेच्या अर्जांचे गठ्ठे, त्याच्या गृहचौकश्या, मीटिंगा, पंधरवडे, फोटो. मग ऊसतोड्याच्या घरापर्यंत कोण जाणार? टेबलावरची दोन वाक्यं अशीच जन्माला येतात. मी त्या मसुदा लिहिणाऱ्यालाही फार दोष देत नाही, खरं सांगायचं तर.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे गाडीखाली दोघं गेले, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राला बाल न्याय मंडळ नावाची गोष्ट कळली. तीनशे शब्दांचा निबंध. आपल्या ग्रुपवरही किती मीम्स फिरले. संताप बरोबरच होता. पण त्याच मंडळासारख्या मंडळांपुढं रोज उभी राहणारी बाकीची लेकरं कोणाची असतात? त्यांच्या बापाकडं वकील नसतो. त्यांच्या बाजूनं बोलणारा असेल तर तो एक अहवालच. तो नीट लिहिणारा माणूस आहे का, हा प्रश्न त्या सगळ्या गदारोळात मी एकदाही वाचला नाही.

एक गंमत सांगते. जगातला पहिला परिविक्षा अधिकारी ज्याला मानतात तो बोस्टनचा जॉन ऑगस्टस, बूट शिवणारा माणूस. १८४१ मध्ये कोर्टात उभ्या असलेल्या एका दारुड्याचा जामीन यानं घेतला, याला सुधारून दाखवतो म्हणाला. मरेपर्यंत अशा जवळपास दोन हजार लोकांचे जामीन घेतले, पगार नाही, पद नाही. आपल्याकडंही हे काम नवीन नाही, मुंबई प्रांतात १९३८ लाच परिविक्षेचा कायदा झाला होता. तरी अजून आपल्याला ते बँकेतलं वाटतं.

तर त्या पोराला मी जे सांगितलं ते इथं सगळ्यांना सांगते. फॉर्म भर, नक्की भर. पण आधी एकदा जालन्याला जा. जिल्हा परिषदेत नाही, तिथं अंगणवाड्यांचा कारभार आहे, नाव सारखंच असल्यानं लोक चुकतात. जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं कार्यालय वेगळं, ते राज्य शासनाचं. तिथं काम करणाऱ्या एखाद्याला विचार, गृहचौकशीला मी सोबत येऊ का. एक दिवस फिर. संध्याकाळी घरी येऊन भाकरी गोड लागली नाही तर हे काम तुझं आहे. आणि फक्त खुर्चीच पाहिजे असेल तर लिपिकाच्या जागा त्याच जाहिरातीत होत्या, ५६. ते कामही चांगलंच आहे. त्यात कुणाचं लेकरू आत जात नाही.

आणि आपल्या पुढाऱ्यांना विचारायचं ते मी कागदावर विचारणार आहे. जालना जिल्ह्यात परिविक्षा अधिकाऱ्याची मंजूर पदं किती, भरलेली किती, आणि गेल्या वर्षी मंडळाकडं १५ दिवसांत पोचलेले अहवाल किती. माहिती अधिकाराचा अर्ज लिहून ठेवलाय, दीडशे शब्दांत बसवला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघणार आहे. कुणाला सोबत यायचं असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. तीस दिवसांनी जे उत्तर येईल, ते जसंच्या तसं इथं टाकीन.