सेऊल वगळा, जेजू गाठा!

‘कोरिया बघायचाय, पण बजेटचं काय?’ आमच्या ऑफिसात दर दुसरं माणूस हेच म्हणतं. माझं उत्तर ठरलेलं आहे: जेजू बेट. फक्त तिकीट काढण्याआधी एक गोष्ट पक्की करा. सेऊल हवंय की नकोय? परदेशातून थेट जेजूला उतरणाऱ्या भारतीयांना ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. सेऊलमार्गे गेलात की ही सवलत गेली, कोरियाचा व्हिसा काढावाच लागतो. म्हणून मी सिंगापूरहून थेट जेजूचं विमान बघतेय. परतीचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग यांचे प्रिंटआउट हाताशी ठेवा. आत सोडायचं की नाही, हे शेवटी इमिग्रेशनवाला ठरवतो!

तिथे गाडी भाड्याने घ्या, असं सगळे सांगतात. मला नाही पटत, निदान एकट्याने फिरताना तरी. बसमध्ये टी-मनी कार्ड चालतं. २०१ नंबरची बस पूर्व किनाऱ्याने जाते, २०२ पश्चिमेच्या. रमतगमत जातात, पण समुद्र दिसतो ना! उतरतानाही कार्ड टेकवा, बस बदलताना पैसे वाचतात.

आणि भारी गोष्टी तर फुकटच आहेत. ऑल्लेच्या पायवाटा तब्बल ४३७ किलोमीटरच्या. जमेल तेवढं चाला. १,९४७ मीटरच्या हल्लासानलाही तिकीट नाही, शिखरावर जायचं तर ऑनलाइन नाव मात्र आधी नोंदवा.

शाकाहारी मंडळी, दशम्या-चटणी बॅगेत टाकाच. दुकानातल्या साध्या दिसणाऱ्या किमबापमध्येही हॅम निघतं.