वैष्णवी विठ्ठल फाळके आणि पी.टी.चा तास



भारतीय महिला हॉकी संघाची यादी पेपरात आली की एक गंमत दिसते. सलिमा टेटे, नवनीत कौर, लालरेमसियामी, नेहा, उदिता अशी सुटसुटीत नावं चालू असतात आणि मध्येच येतं ‘वैष्णवी विठ्ठल फाळके’. खाली आणखी एक, ‘ऋतुजा दादासो पिसाळ’. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. थेट शाळेच्या हजेरीपटावरून उतरवून घेतल्यासारखं! आयुष्यभर अशी नावं पुकारलेल्या माझ्यासारख्या बाईला हे वाचून किती बरं वाटतं, काय सांगू. मराठी शाळेतलं नाव जसंच्या तसं जगात फिरतंय.

पण बरं वाटणं वेगळं आणि त्यातून काही शिकणं वेगळं. आज लिहायचं आहे ते दुसऱ्याबद्दल.

आधी वैष्णवीविषयी, कारण आमच्या घरातल्या क्रिकेटवेड्या मंडळींना ती ठाऊक नसणार. :-) सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात आसू नावाचं गाव आहे, तिथल्या शेतकरी कुटुंबातली ही मुलगी. जन्म 2004 चा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तयार झाली. 2022 मध्ये दक्षिण आफ्रिकेत ज्युनियर विश्वचषक झाला, त्यात भारत चौथा आला. त्या संघात ती होती. त्याच वर्षी डब्लिनला 23 वर्षांखालच्या संघाची ती कर्णधार झाली. 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ब्राँझ आणि त्यानंतर महिनाभरात रांचीला आशियाई चॅम्पियन्स करंडकात सुवर्ण. 2024 मध्ये बिहारमधल्या राजगीरला तोच करंडक पुन्हा. 2025 मध्ये आशिया कपचं रौप्य. कधी मधल्या फळीत खेळते, कधी बचावात. म्हणजे टाळ्या गोल करणारीला मिळतात आणि ही मागे राहून चेंडू अडवत असते.

वाईट वाटावं असं एकच. जानेवारी 2024 मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत आपला संघ जपानकडून 0-1 असा हरला आणि पॅरिस ऑलिंपिक हुकलं.

आता जरा मागे जाऊ. मुलींची हॉकी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आली ती 1980 ला, मॉस्कोत. तेव्हा भारत चौथा आला होता. त्या संघात पुण्याच्या एलायझा नेल्सन होत्या. 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये त्याच कर्णधार होत्या आणि आपल्या मुलींनी सुवर्णपदक जिंकलं. 1983 ला त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्याच रेखा भिडे, माहेरच्या मुंडफन, या अर्जुन पुरस्कार मिळालेल्या खेळाडू. तेव्हा महाराष्ट्राची महिला हॉकी म्हणजे मुंबई आणि पुणे, असंच होतं.

त्यानंतर काय झालं? मॉस्कोनंतर भारतीय महिला संघ ऑलिंपिकला पोहोचला तो थेट 2016 ला रिओत आणि मग टोकियोत. टोकियोला पुन्हा चौथा क्रमांक. सगळा देश त्या मुलींसाठी हळहळला. पण रिओच्या संघात किंवा टोकियोच्या संघात महाराष्ट्राची मुलगी एकही नव्हती. एशियाडचं सुवर्ण जिंकणारी कर्णधार ज्या राज्याने दिली, त्या राज्याची ही गत!

याचं एक कारण सगळेच सांगतात, ते म्हणजे मैदान. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीवर किंवा गवतावर चेंडू उडतो, अडतो, त्यामुळे हळू सोडून खेळावा लागतो. कृत्रिम मैदानावर तो सरळ आणि सुसाट जातो. दोन्ही ठिकाणी काठी एकच, पण खेळ दोन. मातीवर शिकलेल्या पोरीला थेट तिथे उभं केलं तर चेंडू केव्हा गेला तेही कळायचं नाही. अशी मैदानं फार महाग, त्यातून त्यांना पाणी मारावं लागतं. ती शहरात झाली आणि खेड्यातली मुलगी बाहेर राहिली.

मग फलटणला काय वेगळं घडलं? कारण तिथून एक मुलगी आली असं नाही. त्याच तालुक्यातल्या वाखरीची अक्षता आबासो ढेकळे, तीही शेतकऱ्याचीच मुलगी, 2022 च्या ज्युनियर विश्वचषकात वैष्णवीबरोबर खेळली. ऋतुजा पिसाळ सातारा जिल्ह्यातलीच. 2023 च्या ज्युनियर विश्वचषकात ती उपकर्णधार होती. 2025 च्या आशिया कपच्या संघात वैष्णवी आणि ऋतुजा दोघी एकदम!

आमच्या सोनईतले लोक म्हणतील, तिकडच्या मातीतच काहीतरी असेल हो. मला हे पटत नाही. फलटण उसाचा तालुका, आमचा नेवासाही उसाचाच. त्यांना नीरेचा कालवा, आम्हाला मुळेचा. पहाटे उठून गुरांचं करणाऱ्या, सायकल दामटत शाळेला येणाऱ्या पोरी दोन्हीकडे सारख्याच. मुळा कारखान्याच्या परिसरात सकाळी शाळेच्या वेळेला उभे राहा. दम, चपळाई, कणखरपणा, सगळं तुमच्या समोरून जाईल.

फरक पडला तो वाटेमुळे. एखादी मुलगी चांगली पळते हे आधी कोणाच्या तरी लक्षात यावं लागतं. मग तिला निवड चाचणीला नेणारं कोणीतरी लागतं. पुढे क्रीडा प्रबोधिनी, जिथे राहणं, जेवण, शाळा आणि प्रशिक्षण याची सोय सरकार करतं आणि खेळायला कृत्रिम मैदानही मिळतं. एक मुलगी या वाटेने गेली की मागच्यांना वाट दिसते. आईवडिलांची भीड चेपते. दुसरी जाते, मग तिसरी. झारखंडमधला सिमडेगा जिल्हा पाहा. भारताची कर्णधार सलिमा टेटे तिथलीच. गरीब, आदिवासी जिल्हा; पण मुलींसाठी हॉकीची निवासी केंद्रं झाली आणि तिथून खेळाडू येतच राहिल्या.

या वाटेची पहिली पायरी म्हणजे शाळेतला पी.टी.चा तास, आणि नेमकी तीच आपण काढून टाकली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मी शिकवलेल्या एका शाळेत वेळापत्रकावर तो तास ठळक अक्षरात असायचा, पण दहावीच्या वर्गाला तो कायम गणिताकडे किंवा इंग्रजीकडे जायचा. नववीच्या मुलींना तर कोणी सांगायचीही गरज पडत नसे. त्या आपण होऊन झाडाखाली गप्पा मारत बसायच्या, कारण ‘आता मोठी झालीस’ हे घरून ऐकून आलेल्या असायच्या. मुलगे मैदानात, मुली कडेला. ज्या वयात वैष्णवीसारख्या मुली घडतात, त्याच वयात आपल्या मुली खेळ सोडतात.

यावर कोणी विचारेल, बाई, सगळ्या मुली काय भारताकडून खेळणार आहेत? अर्थातच नाही. गणित शिकणारी सगळी मुलं कुठे गणितज्ञ होतात? तरी आपण गणित सगळ्यांना शिकवतोच ना. खेळलेली मुलगी हरणं पचवायला शिकते, बसचा प्रवास एकटीने करायला शिकते, आणि मुख्य म्हणजे आपलं शरीर लपवायची वस्तू आहे असं मानत नाही. सोळा-सतराव्या वर्षी जिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात, तिला ‘मला अजून खेळायचंय’ हे एक ठाम उत्तर मिळतं. नुसत्या ‘मला शिकायचंय’पेक्षा कधीकधी तेच जास्त कामाला येतं, कारण त्यामागे प्रशिक्षक उभे असतात, जिल्ह्याचा संघ उभा असतो.

पैशाचा आणि पाण्याचा प्रश्न खरा आहे. आमच्यासारख्या टँकर पाहिलेल्या जिल्ह्यात प्रत्येक गावाने कृत्रिम मैदान मागावं, असं मी म्हणणार नाही. पण आता पाच-पाच जणांची हॉकी आली आहे. तिचं मैदान नेहमीच्या मैदानाच्या निम्म्याहून लहान असतं. जानेवारी 2024 मध्ये मस्कतला तिचा पहिला विश्वचषक झाला, त्यात आपल्या मुलींनी रौप्य मिळवलं. अक्षता आणि ऋतुजा दोघीही त्या संघात होत्या. एवढी मोकळी जागा आपल्या बहुतेक हायस्कुलांकडे आहे. सपाट करून घ्या, वीस काठ्या आणा, आठवड्यातून तीन दिवस मुलींना हक्काने खेळू द्या. कृत्रिम मैदान एखादं जिल्ह्याच्या ठिकाणी पुरे. चांगल्या पोरींना तिथवर न्यायला एस.टी. आहेच.

आणि एक विनंती आमच्या पुढाऱ्यांना. एखादी मुलगी जिंकून आली की फ्लेक्स लागतात, शाल-श्रीफळ होतं, भाषणं होतात. करा, माझी ना नाही. पण त्याच भाषणात आपल्या तालुक्यातल्या किती शाळांमध्ये मुलींचा पी.टी.चा तास खरोखर होतो, हेही सांगत चला. जिंकलेल्या मुलीचा सत्कार सोपा असतो. न जिंकलेल्या दोनशे मुलींना मैदान देणं कठीण, आणि वैष्णवी त्या दोनशेंतूनच येते.

माझ्या नातेवाईक मंडळींपैकी चौघीजणी आज शाळांमध्ये शिकवतात, ब्लॉगवर येणाऱ्यांतही शिक्षक बरेच आहेत. तुमच्या शाळेत नववी-दहावीच्या मुली या आठवड्यात किती वेळ मैदानात होत्या? प्रतिक्रियेत खरा आकडा लिहा. शून्य असला तरी लिहा.